आम्ही काही कमी पडू दिलं नाही

पुढाऱ्यांचा मला राग आहे आणि तो बासष्टच्या लढाईपासूनचा आहे. वय झालं तरी उतरलेला नाही.

माझा थोरला भाऊ फौजेत मेजर होता. हिमालयातल्या सरहद्दीवरून इस्पितळमार्गे तो पनवेलला घरी आला तेव्हा दोन्ही पायांची मिळून सहा बोटं बर्फाने नेली होती. लढाईआधी त्याने आपल्या तुकडीसाठी बर्फातले बूट मागितले होते. एकदा नव्हे, चारदा. वरून वाटाण्याच्या अक्षता. "लढाई होणारच नाही असं दिल्लीत ठरवून बसले होते," तो म्हणायचा, "चिन्यांना तेवढं कळवायचं राहिलं." हे फक्त घरात. वर्दीतल्या माणसाने चारचौघांत सरकारविरुद्ध ब्र काढायचा नाही, आणि अशा पायांनी नोकरी टिकते की जाते, याचा निकालही अजून लागायचा होता. मला कसलाच नियम नव्हता, म्हणून त्याच्या वाटच्या शिव्या मीच घालायची.

मार्चात तळ्याजवळ मांडव घालून एका मंत्र्याच्या हस्ते दादाचा सत्कार ठेवला. मंत्री दोन तास उशिरा आले. आम्ही घामाने निथळत असताना त्यांनी दादाला लोकरी शाल पांघरली. पहिल्या रांगेत चिरनेरकडची एक आगरी बाई होती. तिचा मुलगा दादाच्याच तुकडीत होता आणि परत आला नव्हता. तिला खण-नारळ दिला. मग भाषण. "आमच्या जवानांना आम्ही काही कमी पडू दिलं नाही!" टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा समोर बघत बसून राहिला.

नंतर भारतमातेच्या तसबिरीपुढे समई लावायची होती. मंत्र्यांनी चपला काढल्या आणि माईकवरूनच दादाला सुनावलं, "मेजरसाहेब, बूट काढा. आपल्यात देवापुढे पायताण घालून जात नाहीत." लोकांना वळण लावायची हौस दांडगी.

दादाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून नाड्या सोडल्या. बूट काढले, त्यात ठासलेला कापूस काढला, मोजे काढले आणि अनवाणी, सावकाश, समईपर्यंत चालत गेला. "अहो, राहू द्या. घाला, घाला," मंत्री पुटपुटले.

तेवढ्यात ती बाई उठली.

"सायेब," तिने दादाला विचारलं, "माज्या पोराचे पायान तरी बूट व्हतं का? यो बोलतो, काय कमी नाय परलं."

माईक चालू होता. मंत्री मान हलवून दादाला नको नको म्हणत होते. मीसुद्धा मनातून नकोच म्हणत होते, याची मला आजही लाज वाटते.

"नव्हते, मावशी," दादा म्हणाला. "कापडी जोडे होते. तेच घालून मी त्याला पुढे पाठवला."