गुरुवारच्या बाकावरची काळजं

सोलापुरात धूळ आणि दवाखान्यात किस्से, दोन्ही आपोआप साठतात. सकाळी झाडून काढा, दुपारी परत हजर! माझ्या भाच्या म्हणतात, "मावशी, तू सांगतेस ते सगळं खरं कसं असेल?" अगं, खोटं रचायला निवांतपणा लागतो. मी नर्स होते, मला तेवढा वेळ कुठला!

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात गुरुवार हा हार्टच्या पेशंटांचा वार. व्हरांड्यात एक लांब बाक होतं, त्यावर ठरलेली मंडळी ठरलेल्या जागी बसायची. कुणी नवा माणूस चुकून मधे बसला, की सगळे त्याच्याकडं असं बघायचे, जणू फुकट्या एसटीत चढलाय!

* * *

पहिला मान कुंभारीच्या रुक्मिणीमावशीचा. तिचं काळीज अशक्त झालेलं. पंपाला जोर नाही, म्हणून अंगात पाणी साठायचं. पाय खांबासारखे सुजलेले, दोन पायऱ्या चढली की धाप. डॉक्टरसाहेबांनी निक्षून सांगितलं, "मावशी, मीठ बंद!"

"बंद म्हंजे बंद!" मावशी म्हणाली.

पुढच्या गुरुवारी सूज तेवढीच. त्याच्या पुढच्या गुरुवारी जास्त! साहेब माझ्यावर चिडले, मी मावशीवर चिडले. मावशी आपली शपथा घेतेय, "मिठाला हात लावला आसंल तर हात झडू दे! सुनंला इचारा!" सून म्हणाली, "खरंय सिस्टर, मिठाची बरणी मी वर फळीवर चढवून ठेवलीया."

"आज सकाळी काय खाल्लंस?" मी विचारलं.

"कडक भाकरी आन् शेंगाचटणी. दुसरं काय!"

"अगं, मग चटणीत मीठ नसतं काय?"

मावशीनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "आसंल की! पर ती चटणी तुमी मीठ बंद करायच्या आदी कुटल्याली हाय!"

ती चटणी मी दवाखान्यात मागवून जप्त केली. आम्हीच संपवली, लई झकास होती. महिन्याभरात मावशीचे पाय असे उतरले, की तिची जोडवी परत बोटांत जायला लागली.

* * *

त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला मल्लप्पा आजोबा. अक्कलकोटकडच्या एका खेड्यात त्यांची पिठाची गिरणी होती. घरात कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी. नाडी एकदम मंद. मधेच काळीज काही क्षण थांबायचं आणि आजोबा उभ्याचे आडवे व्हायचे. पण आपल्याला काही झालंय हे मान्य करतील तर शपथ! बायकोनं, गौरव्वानं, ओढत आणलं होतं.

"साहेब, मला कायबी झाल्यालं न्हाय. ही उगंच..." एवढं बोलले आणि खुर्चीतनं खाली! मी धावले, साहेबांनी छातीवर दणका दिला. आजोबांनी डोळे उघडले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "...घाबरती. बाईमानूस हाय."

सगळं बाक हसलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आजोबा, एक दिवस ते वाक्य अर्धंच राहील. मुंबईला जा, छातीत पेसमेकर बसवून घ्या. तुमचं काळीज थांबलं, की ते यंत्र त्याला ढोसणी देईल."

"बघू की," आजोबा म्हणाले.

आता आमच्याकडं "बघू की" म्हणजे काय, ते सोलापूरकराला सांगायला नको. सरळ नकार!

* * *

नातेपुत्याच्या तात्यांचं दुखणं मावशीसारखंच. त्यांना पाणी उतरवायची गोळी दिलेली. पण दर गुरुवारी तात्या सुजूनच यायचे. साहेब गोळी वाढवायचे, तात्या पुढच्या गुरुवारी परत सुजलेले! अशी गोळी किती वाढवणार?

शेवटी मी दटावून विचारलं, "तात्या, गोळी रोज घेताय ना?"

"रोज घेतो की! फकस्त हितं यायच्या दिवशी न्हाय. आन् आदल्या दिवशी न्हाय, तवा बाजार आसतो."

"का हो?"

"आवो सिस्टर, गोळी घेतली की घडीघडीला लघवीला! कंडक्टर काय माजा जावई हाय व्हय, झाडाझाडाला एसटी थांबवायला?"

* * *

बाकावरचा पहिला पेसमेकरवाला म्हणजे नरसय्या. चादरीच्या मागावर काम करायचा, घरी तेलुगू. मुंबईला जाऊन आला आणि गल्लीत पुढारी झाला. त्या वेळचं यंत्र चांगलं बूटपॉलिशच्या डबीएवढं असायचं, कातडीखाली उंचवटा दिसायचा. नरसय्या सदऱ्याचं वरचं बटण मुद्दाम उघडं ठेवायचा.

ते यंत्र तपासायला आमच्याकडं कुठली साधनं! साहेब घरचा ट्रान्झिस्टर आणायचे. दोन स्टेशनांच्या मधे काटा लावायचा, रेडिओ नरसय्याच्या छातीजवळ धरायचा, की खरखरीतनं ठोका ऐकू यायचा. टक्, टक्, टक्! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळं बाक पुढं वाकलं. मल्लप्पा आजोबा तर उठून जवळ आले.

"झोपल्यावर बी चालतंय?" त्यांनी विचारलं.

"झोपल्यावर, जेवताना, कधीपण!" नरसय्या म्हणाला.

तेवढ्यात रुक्मिणीमावशी पुढं सरसावली. "साहेब, माज्या बी छातीला लावा की!" साहेबांनी लावला. नुसती खरखर. मावशीचा चेहरा उतरला. "आगं बया! माजं बंद पडलं जनू!"

साहेब म्हणाले, "मावशी, तुमचं घरचं आहे. ते रेडिओवर लागत नाही!"

* * *

नरसय्याच्या यंत्राची चाल एकच. माणूस बसू दे, चालू दे, ठोके तेवढेच. एका गुरुवारी त्याची बायको लक्ष्मी तणतणत आली. "साहेब, ते मशीन जरा जोरात करून द्या!"

"का? चक्कर येतेय काय त्याला?"

"चक्कर कुठली! मी एवढी भांडते, घसा फोडते, आणि नाडी धरून बघते तर तेवढीच! पहिलं जरा घाबरायचे तरी!"

मल्लप्पा आजोबा इतके हसले, की डोळ्यांतनं पाणी आलं. गौरव्वाच्या कानात कानडीत काहीतरी बोलले. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "सिस्टर, जातो म्हनत्यात मुंबईला!" मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पण नरसय्याची जीभ गप्प बसेल तर ना. "आजोबा, काही भ्यायचं नाही," तो म्हणाला. "आत नेताना अंगावरचं सगळं काढतात. माझं जानवं काढलं, करगोटा काढला, ताईत काढला. जन्मलो तसं जायचं!"

आजोबांचं हसू तिथंच थांबलं. "सगळं?"

"सगळं!"

आजोबांचा हात सदऱ्याच्या आत गेला. ते लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. "गुरूनं बांदलंय तवापासनं अंगावेगळं झाल्यालं न्हाय," ते म्हणाले. "माती देत्यात तवा बी ते हातात आसतंय. ते काडून ठिवायचं आन् मग जगायचं? कुनासाटी?" आणि काठी उचलून चालायला लागले. गौरव्वा मागोमाग.

मी नरसय्याला म्हटलं, "मुंबईवाल्यांनी छातीऐवजी तुझं तोंड शिवायला पाहिजे होतं!" तो बिचारा रडकुंडीला आला. चांगलं सांगायला गेला आणि असं झालं.

* * *

त्यानंतर बाकाचं ते टोक रिकामंच. कुणी तिथं बसेना. रुक्मिणीमावशी पिशवी ठेवून जागा धरायची.

मग एका गुरुवारी गौरव्वा एकटीच आली. बाकावर बसलीच नाही, सरळ साहेबांसमोर उभी राहिली. "काल गिरणीत पडले," म्हणाली. "पट्टा चालू होता. वीतभर अलीकडं पडले म्हनून मी आज हितं हाय, न्हाईतर..." पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "साहेब, लिंग माज्या बी गळ्यात हाय. ते खोटं बोलत न्हाईत. पर मला ते पायजेत हो! काय बी करा."

साहेबांनी तिला खुर्ची दिली. मग म्हणाले, "त्यांना सांगा, अंगावेगळं करावं लागणार नाही. माझा शब्द आहे."

ती गेल्यावर मी उसळलेच. "साहेब, ऑपरेशन मुंबईत, थिएटर मुंबईचं, आणि शब्द तुमचा?"

"सर्जन माझ्या ओळखीचा आहे, ट्रंककॉल लावतो," ते म्हणाले. लावला. दवाखानाभर ऐकू जाईल असे ओरडत होते, "लिंग! लिंग! अहो, गळ्यातलं!" पलीकडून एवढंच आलं, "पाठवून द्या, बघू!"

"हे बघा, बघू म्हणाला," साहेब खूश.

"साहेब, बघू म्हणजे..."

"सिस्टर, ते सोलापुरात. आणि तुम्ही जाताय की त्यांच्याबरोबर!"

* * *

साहेबांच्या शब्दावर आजोबा मुंबईला आले. तिथल्या थिएटरची मुख्य सिस्टर केरळची. नाकावर माशी बसू देणार नाही अशी. मी सोलापूरची नर्स म्हणून मला कोपऱ्यात उभं राहायची परवानगी मिळालेली. असलं ऑपरेशन जागेपणीच करतात, तेवढा भाग बधिर करून. आजोबा टेबलावर आडवे. डबी त्यांनी बाहेर गौरव्वाकडं दिली होती, लिंग मात्र डाव्या तळहातावर धरलेलं. ते लोक रोज पूजा तशीच करतात, डाव्या तळहातावर घेऊन.

"हे काय? बाहेर ठेवा!" सिस्टर म्हणाली.

मी सगळं सांगितलं. सर्जन म्हणाला, "मला उजव्या बाजूनं काम करता येईल. पण थिएटर यांचं आहे, त्या म्हणतील तसं."

सिस्टर म्हणाली, "बाहेरची वस्तू इथं येते ती उकळूनच. द्या, उकळून आणते."

अहो, त्या लिंगावर काळा लेप असतो, तो उकळत्या पाण्यात राहील काय! आजोबा ताडकन उठून बसले. "बाई, देव हाय त्यो! उकळाय काय..."

आणि मान कलंडली.

सर्जननं त्यांना आडवं करून छातीवर दणके द्यायला सुरुवात केली. बाहेर बाकड्यावर गौरव्वा बसलेली, तिला मी काय सांगणार होते? आजोबांचा डावा हात टेबलाच्या कडेला सैल पडला होता. तळहात उघडा, त्यावर ते लिंग. कुणीतरी म्हणालं, "शुद्ध नाही तोवर काढून घ्या!"

केरळची सिस्टर पुढं झाली. मला वाटलं, गेलं! तिनं त्यांचा तळहात आपल्या हातात घेतला. एकेक करून त्यांची बोटं लिंगावर मिटली, मूठ वळली. मग ऑपरेशनचा एक निर्जंतुक रबरी हातमोजा काढला, त्या अख्ख्या मुठीवर ओढून चढवला आणि मनगटाशी पट्टी गुंडाळून टाकली. कुणाकडं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात आजोबांनी डोळे उघडले. "...बटाटा हाय व्हय?" म्हणाले.

थिएटरमधे हसू फुटलं. मी मात्र कोपऱ्यात उभी राहून रडत होते, सरळ सांगते. आजोबांनी हात वर करून मोज्यातली मूठ बघितली. आतून चाचपून बघितली. मग डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले.

सर्जननं काम सुरू केलं. ठोके दाखवणाऱ्या पडद्यावरची रेघ आधी कुठंतरी एखादं टोक दाखवायची, मग लांबलचक सपाट. मग यंत्रापासून काळजात जाणारी तार जागेवर बसली, आणि एकामागून एक सारखी टोकं यायला लागली. आजोबांचे पांढरे पडलेले गाल माझ्या डोळ्यांदेखत लाल व्हायला लागले. टाके झाले, पट्टी झाली. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आत आला.

सर्जन खाली वाकून म्हणाला, "आजोबा, झालं! सोडा आता मूठ."

आजोबांनी डोळे उघडलेच नाहीत. "तुमचं झालं आसंल," ते म्हणाले. "माजी पूजा चाललीया. जरा थांबा की."

सिस्टरनं हात आडवा करून ट्रॉली दारातच थांबवली.