चौदा एप्रिलचा जबाब

“त्या कागदाचं काय लोणचं घालायचंय का, बाई?” माहिती अधिकारी म्हणाला. समोर असोद्याची मंदाबाई लेकीला घेऊन उभी होती. शेजारची खुर्ची रिकामी असूनही तिला बस म्हणायची अक्कल त्याला नव्हती. कारखान्यांची तपासणी करणारं हे सरकारी कार्यालय, आणि मंदाबाईची ही तिसरी खेप.

तिचा नवरा आधार जळगावच्या एका डाळ मिलमध्ये एकवीस वर्षं राबला. तूर वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या बुडाशी दाणा तुंबला की तो हातानं मोकळा करायचा, तोही पट्टा चालू असतानाच. पट्टा थांबवला तर सगळी मिल थांबते आणि मुकादम आईबहिणीवर येतो. पट्ट्यावर जाळी हवी, हे कुणी बोललं नाही आणि कुणी बसवलीही नाही. गेल्या ऑगस्टात त्या पट्ट्यानं आधारचा हात ओढला, मग खांदा, आणि माणूसच गेला.

तिसऱ्या दिवशी मिलनं लिहून दिलं, की कामगारानं दारूच्या नशेत हात घातला. सरकारी चौकशीनंही तीच री ओढली. जाळी बसवलेली होती, कामगाराला समज दिलेली होती, एप्रिलच्या तपासणीत त्याचा तसा जबाबही नोंदलेला आहे! आधारनं जन्मात दारू चाखली नव्हती. पण सरकारी कागदावर आलं म्हणजे काहीतरी असेलच, असं भावकीतलेसुद्धा म्हणू लागले. ते ऐकलं की मंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. नवरा परत येणार नव्हता, पण त्याच्या तोंडाला फासलेलं काळं तिला पुसायचं होतं.

मुलगी शिल्पानं माहिती अधिकारात अर्ज लिहिला, दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवला आणि तपासणीचा अहवाल मागितला. उत्तर आलं, की ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, देता येत नाही. मेला तो घरचा माणूस, आणि माहिती म्हणे तिसऱ्याची! शिल्पानं अपील केलं. वरच्या साहेबानं अहवाल द्यायला सांगितलं, म्हणून आज हा अधिकारी लोणच्यावर आला होता.

शेवटी त्यानं शिक्का मारून दोन पानं टेबलावर फेकली. “घ्या. नवऱ्याचाच जबाब आहे. झालं समाधान?”

शिल्पा उभ्यानंच वाचू लागली. “दिनांक चौदा एप्रिल, दुपारी बारा. मिल चालू स्थितीत. कामगार आधार याचा जबाब...” ती थबकली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

मंदाबाईचं माहेर पारोळ्याचं, आणि राग आला की तिच्या तोंडी माहेरची अहिराणीच यायची. “भाऊ, चौदा एप्रिलले शिल्पाना बाप मिरवणूकमा निळा झेंडा धरीसन व्हता. एकवीस वरीसमा त्या दिवशी तो कधी कामले गया नही. तुम्हनं हापिसबी बंद ऱ्हास त्या दिवशी. मंग हाऊ जबाब कोनी लिखा?”

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी त्यानंही घरीच काढली असणार. त्यानं घाईनं हात पुढे केला. “टायपिंगची चूक असेल. द्या इकडे, दुरुस्त करून देतो.”

मंदाबाईनं पानं घडी करून पदराखाली कमरेला खोचली. “हात नका लावू. तुम्हनाच शिक्का शे त्यावर. ज्यानी जन्ममा दारूले हात लावा नही, त्याले तुम्हीन दारूड्या करं!”

मग तिनं शिल्पाला पिशवीतून कोरा कागद काढायला लावला. शिल्पानं तिथंच, त्या रिकाम्या खुर्चीवर बसून दुसरा अर्ज लिहिला. चौदा एप्रिलला तपासणीस गेलेल्या निरीक्षकाच्या त्या दिवसाच्या हजेरीची प्रत मिळावी. स्टॅम्प मंदाबाईनं स्वतः जिभेनं ओला करून चिकटवला आणि अर्ज त्याच्या नाकासमोर धरला.

“मार शिक्का,” ती म्हणाली.