शेवटच्या कडव्यात माझं नाव

गेल्या रविवारी वरळीला, प्रज्ञाच्या चाळीत गेले होते. तिचं पहिलं सिंगल रिलीज झालं, त्याचं घरगुती सेलिब्रेशन होतं. मी अशा कार्यक्रमांना सहसा जात नाही, पण न जायला कारण सापडेना...

प्रज्ञा माझी इंजिनिअरिंगची मैत्रीण. दिवसा एका कंपनीत कोड लिहिते, उरलेल्या वेळात गाणी. मी पुढे साउंडकडे वळले, परळच्या एका स्टुडिओत मिक्सिंग करते, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकमेकांत नीट बसवते. 'समोरची खोली' हे गाणं तिने लिहिलं, तिनेच चाल लावली, तिनेच गायलं... आणि मिक्स मी केलं.

साधं पॉप गाणं आहे. चाळीचा लांबलचक पॅसेज, समोरासमोर दारं, आणि समोरचं दार कधी उघडतंय याची वाट बघणारी मुलगी. मध्ये एक शिट्टी आहे, ती एकदा डोक्यात बसली की निघत नाही. मला गाणं आवडलं होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे केलं ते न आवडल्यामुळे केलेलं नाही.

स्टुडिओत फायनल मिक्स ऐकत होते, तेव्हा दोन सीनिअर आत आले. नेमकी शिट्टी लागली. एकजण म्हणाला, "काय गं, रीलवाल्यांची कामं कधीपासून घ्यायला लागलीस?" दुसरा हसला. मीही हसले... आणि वर म्हणाले, "मैत्रिणीचं आहे, टाळता आलं नाही."

त्याच संध्याकाळी प्रज्ञाला फोन करून सांगितलं, क्रेडिटमध्ये माझं नाव टाकू नकोस. तिने का म्हणून विचारलं. "गाणं तुझं आहे गं, माझं नाव कशाला मध्ये..." हे वाक्य इतकं सहज आलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मिक्सिंगच्या पुढे तिने 'एक मैत्रीण' असं लिहिलं.

रविवारी पॅसेजमध्ये चटया टाकल्या होत्या. चाळ आता पाडणार आहेत, बरीच कुटुंबं आधीच दुसरीकडे राहायला गेली आहेत. पण गाण्यासाठी सगळे परत आले होते. आधी स्पीकरवर रेकॉर्डिंग लागलं. मी सवयीने बासचा जड आवाज ऐकत होते, तो पॅसेजमध्ये जरा घुमत होता... बाकीचे गाणं ऐकत होते.

मग विलासकाका पेटी घेऊन बसले. काका म्हणजे प्रज्ञाचे बाबा. त्यांची गायन पार्टी आहे, एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत त्यांना उसंत नसते. मिक्स चालू असताना त्यांनी मला विचारलं होतं, "बाळा, शेवटचं कडवं कुठाय?" त्यांच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, ते आल्याशिवाय गाणं संपलं असं कोणी मानत नाही. मी सांगितलं होतं, काका, सिंगलमध्ये तेवढी जागा नसते.

पॅसेजमध्ये जागा होती. प्रज्ञा पेटीवर तेच गाणं पुन्हा गायली, शिट्टी पोराटोरांनी वाजवली. गाणं संपलं असं वाटून मी टाळीसाठी हात उचलला... तेवढ्यात काकांनी सूर धरला आणि तिने माझ्याकडे बघत नवीन ओळी घेतल्या.

प्रज्ञा सांगे कहाणी, समोरच्या दाराची,
नाव लपवून बसली, मुक्ता मोठ्या गुणाची.

सगळ्या माना वळल्या. "हीच का ती मुक्ता? एवढीशी आहे की गं!" समोरच्या मावशी म्हणाल्या. मग आपल्या सुनेला, "बघ, तू फोटोत पुढे यायला भांडतेस!" पॅसेजभर हशा. काका पेटीचा भाता लावत म्हणाले, "नाव नको म्हणणारी माणसं आता राहिलीत कुठे..." आणि प्रज्ञाच्या आईने माझ्या प्लेटमध्ये न विचारता आणखी भजी वाढली.

मी ती खाल्ली. हेही लिहायला हवं.

निघाले तेव्हा प्रज्ञा जिन्यापर्यंत सोडायला आली. तिथे तिला सगळं सांगितलं. शिट्टी, सीनिअर, माझं हसणं, 'टाळता आलं नाही'... एकही शब्द मऊ केला नाही. ती कठड्याला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आता ते कडवं बदलू?"

मी जिन्याची एक पायरी उतरले.

"बाबा त्या दोन ओळींसाठी किती खूश होते माहितीये? मी नाही सांगणार त्यांना. तू सांग." एवढं बोलून ती आत निघून गेली. एरवी ती 'पोचलीस की मेसेज कर' म्हटल्याशिवाय सोडत नाही. ठाकूरद्वारला घरी पोचेपर्यंत मला तेवढंच ऐकू येत होतं, जे ती म्हणाली नाही ते...

दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "बरं. 'लपवून बसली' काढतो. नाव राहू दे, काम तू केलंयस." मी विचारलं, "आणि 'मोठ्या गुणाची', काका?"

"त्याचं बघू पुढे," काका म्हणाले.

क्रेडिट बदलायला दिलं आहे, सगळ्या ॲपवर दिसायला वेळ लागेल. प्रज्ञाचा मेसेज अजून आलेला नाही. स्टुडिओतलेही ही पोस्ट वाचतील, म्हणूनच इथे लिहिते आहे...

'समोरची खोली' या गाण्याचं मिक्सिंग मी केलंय. शिट्टीसकट.