नाताळच्या खिरीतला बदाम

माधवनगरच्या एका गिरणीत नवी यंत्रं बसवायला स्वीडनहून साहेब आले होते. त्यांच्या बंगल्यावर कुंडलच्या राहीबाई स्वयंपाकाला होत्या. नवरा पलटणीत असतानाच गेलेला. तेव्हापासून चूल दुसऱ्याची आणि दुखणारे पाय आपले. साहेबांच्या पत्नी गुनिलाबाई मराठी शिकल्या त्या राहीबाईंकडूनच. त्यांच्या तोंडचं 'हाय-न्हाई' ऐकून बाजारातल्या बायका तोंडाला पदर लावत.

बाईंचा इथला हा तिसरा नाताळ. राहीबाई पहाटेपासून उभ्या होत्या. त्यांची एकादशी, म्हणून मटणाचे गोळे बाईंनी स्वतः तळले. दुधातला भात मात्र राहीबाईंकडे. घोटून घोटून दंड भरून आले. शेवटी बाईंनी एक सोललेला बदाम त्यांच्या हातावर ठेवला आणि भातात टाकायला सांगितला.

पाहुण्यांसकट जेवायला पाच माणसं आणि बदाम एक? राहीबाईंनाच लाज वाटली. डब्यातले मूठभर त्यांनी आपल्या मनानं वर टाकले. भिजवून सोलायचं त्राण नव्हतं, सालीसकटच गेले.

दिवेलागणीच्या आधी सगळे जेवायला बसले. भाताच्या पहिल्या घासाला एकाला बदाम लागला, मग दुसऱ्याला, मग सगळ्यांनाच. पाहुणे हसले. गुनिलाबाई मात्र चमचा ठेवून स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मागोमाग साहेब आले आणि त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं, तेव्हा राहीबाईंना उमगलं. त्यांच्या मुलखात भातात बदाम एकच. ज्याला सापडेल त्याचं येतं वर्ष भलं. बाईंची आई तिकडे अंथरुणाला खिळलेली. यंदा बदाम आपल्याला आला तर घरी जाणं होईल, आई भेटेल, असं बाईंनी मनाशी धरलं होतं.

राहीबाईंनी पातेलं पुढं ओढलं. तळाला तांबूस खरवड लागली होती आणि तिच्यात तो सोललेला, पांढरा बदाम रुतून बसला होता. उलथन्यानं त्यांनी ती खरवड वाटीत काढली, बदाम तिच्याखाली अलगद झाकला आणि वाटी बाईंपुढं सरकवली.

"भूक न्हाई, राहीबाई."

"आवं, मला आज भात चालत न्हाई. मग खरवड टाकून द्यायची व्हय? तळाचंच लय ग्वाड असतंय."

बाईंनी घास घेतला. दाताखाली कट्‌कन वाजलं. उरलेला अर्धा बदाम त्यांनी तळहातावर घेतला; त्याला साल नव्हती. त्या बघतच राहिल्या.

राहीबाईंनी पाठ फिरवली. भांड्यांचा ढीग तसाच होता. विठ्ठलाचं नाव घेत त्यांनी राख पुढं ओढली आणि सावकाश, गुडघे सांभाळत, खाली बसल्या.