कडेच्या माणसाचे अण्णा

डोंगरी गावातल्या एका लग्नात मी नवरीच्या आत्याला फोटोतून अर्धी कापली. मुद्दाम नाही. पण मुद्दाम केलं असतंस तर निदान लक्ष देऊन केलं असतंस, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

अण्णा म्हणजे भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर फोटो स्टुडिओ चालवणारे माझे गुरू. त्यांचा राग सकाळी शटरबरोबर वर जायचा, तो शटर पडलं तरी खाली येत नसे. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाला ते दटावत, "हसू नका, सरकारला संशय येईल." ग्रुप फोटोला मात्र त्यांचा एकच नियम होता. जोडप्यापासून सात पावलं मागे जायचं, आधी डावी कड बघायची, मग उजवी, नवरा-नवरी सगळ्यात शेवटी. "कडेचा माणूस आधी बघ. मधल्यांना बघायला सगळा मांडव आहे."

दोन हजार सहाच्या सुमाराला मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याच्या खोक्यात अक्कलही आली असावी, अशा थाटात वावरू लागलो. अण्णांनी तो उलटापालटा करून पाहिला. "क्रॉप आहे हा. सेन्सर फिल्मपेक्षा लहान. माझी लेन्स लावलीस तरी कडा खाणार. घ्यायचा तर फुल फ्रेम घ्यायचा, फिल्मएवढा."

"अण्णा, लोकांना काही फरक कळत नाही."

"लोकांना नाही. ज्याला कापतोस त्याला कळतो."

डोंगरीच्या लग्नाला त्यांना ताप होता म्हणून मी एकटा गेलो. त्यांचीच लेन्स, त्यांचीच सात पावलं, फक्त कॅमेरा माझा. कडा बघायचा त्रास घेतला नाही. स्क्रीनवर नवरीचे डोळे उघडे दिसले आणि मी जेवायला पळालो.

पंधरा दिवसांनी आत्या स्वतः दुकानात आली. आईवेगळ्या भाचीला तिनंच वाढवलेलं. पण विधवा, म्हणून तिला रांगेच्या टोकाला उभं केलेलं. तिनं फोटो जवळ धरला, लांब धरला.

"मी हाय कुठं यात?"

मी बोट ठेवून एक खांदा दाखवला.

"व्हय, पदर माझाच हाय," ती म्हणाली, आणि फोटो काउंटरवर ठेवून निघून गेली.

अण्णांनी नवरीच्या वडिलांना फोन लावला. फोटो पुन्हा काढून देतो म्हणाले. पलीकडून उत्तर आलं, "राहू द्या हो. माझी बहीणच आहे, ती काही बोलायची नाही."

"म्हणूनच कापली ना सगळ्यांनी?" अण्णांनी फोन आपटला. "त्यानं तिला कडेला ढकललं, तू बाहेर ढकललंस. जोडी छान जमली."

मी तरीही कॅमेऱ्याची बाजू घेत राहिलो. तेव्हा अण्णांनी एक फुल फ्रेम भाड्याने आणला, भर केबिन रोडवर नऊ दुकानदार ओळीत उभे केले आणि एकाच जागेवरून, एकाच लेन्सने दोन फोटो काढले. फुल फ्रेममध्ये नऊ माणसं आली, माझ्या कॅमेऱ्यात सात. कापलेला शिंपी आणि चावीवाला यांना हाक मारून अण्णा म्हणाले, "देखो, ये बोलता है, तुम दोनों थे ही नहीं." चावीवाला आजतागायत माझ्याशी नीट बोलत नाही.

त्याच दुपारी ते मला बसने डोंगरीला घेऊन गेले. माहेरपणाला आलेली नवरी घरातच होती. अण्णांनी आत्याला मधल्या खुर्चीत बसवलं, नवरीला कडेला उभं केलं आणि ती खुर्ची आत्याच्या भावालाच उचलून आणायला लावली. मला आजही राग येतो. कॅमेऱ्याचा नाही, माझा. आणि त्या 'काही बोलायची नाही'चा.

तीन वर्षांनी अण्णा स्टुडिओ बंद करून रत्नागिरीला गावी निघाले. तोवर मी फुल फ्रेम घेतला होता. अण्णांसकट सगळ्या दुकानदारांना शटरपुढे उभं केलं, सात पावलं मोजली, डावी कड पाहिली, उजवी पाहिली, टायमर लावला आणि धावत जाऊन टोकाला उभा राहिलो. त्यानंतर चारच महिन्यांत अण्णा गेले. आमचा दोघांचा एकत्र असा तेवढाच फोटो. त्यात सगळे आहेत, चावीवालासुद्धा. माझा फक्त एक कान आणि शर्टाची बाही.

गाडीत बसण्यापूर्वी अण्णांनी तो फोटो निरखून पाहिला होता.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा योग्य माणूस कापलास."