आजोबांचा जंगलाचा पडदा

शुक्रवार, ५ एप्रिल १९६३. लोद, सरकारी वसाहतीतलं आमचं घर. हजर: मी, माझी वहिनी, वहिनीची मुलगी. गैरहजर: काका, वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांत औषध घालून घ्यायला दवाखान्यात गेलेले. ते घरी असते तर पुढचं काही घडलं नसतं, म्हणून त्यांची गैरहजेरी आधी लिहिते.

आम्हा यहुद्यांचा पेसाहचा सण तीन दिवसांवर होता. घरातून खमीर, म्हणजे गव्हाचं पीठ, पाव आणि त्यांचा कणनकण, बाहेर जायला हवा. सफाईची यादी दरवर्षी मी करते. त्या वर्षी तेरा कामं होती आणि सकाळी दहापर्यंत नऊ झाली होती.

पलंगाखाली पत्र्याची लांब ट्रंक होती. तिच्यात आजोबांनी रंगवलेला नाटकाचा पडदा होता, घड्यांमध्ये जुन्या साड्या घालून ठेवलेला. आजोबा म्हणजे काकांचे वडील. अलिबागकडच्या तेल्याच्या घाण्यावरून मुंबईला आले ते एका नाटक कंपनीत रंग खलायला लागले, आणि पुढे तिचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, रस्ता, बाग आणि जंगल. या चार पडद्यांवर कंपनी गावोगाव फिरली. जाहिरातीत नटांची नावं, तबलजीचंसुद्धा नाव. पडदेवाल्याचं कधीच नाही. खेळ चालू असताना ते मागे दोरीपाशी उभे असत, त्यामुळे दिव्यांच्या उजेडात समोरून आपलं जंगल त्यांनी एकदाही पाहिलं नाही. प्लेगात कंपनी मोडली. ते जंगल घेऊन घरी आले आणि मरेपर्यंत दुकानांच्या पाट्या रंगवल्या.

आता लोदला आमच्या मंडळाचं मराठी नाटक सणानंतर व्हायचं होतं. काकांनी चिटणिसांच्या मागे लागून कबूल करून घेतलं होतं की मागे हाच पडदा लागेल आणि कार्यक्रमाच्या कागदावर आजोबांचं नाव येईल. "बापाचं नाव एकदा छापलेलं बघू दे," ते म्हणत, "मग डोळे गेले तरी चालतील."

वहिनी हातात झाडू घेऊन ट्रंकेसमोर उभी राहिली.

"वन्सं, ह्याचं काय करायचं?"

"काय म्हणजे?"

"काका परवा सांगत होते ना, कापडाला आधी गव्हाची खळ लावतात, मग रंग. गव्हाची! पलंगाखाली खमीर ठेवून व्याह्यांना सणाच्या रात्री सेदरच्या जेवणाला बसवायचं?"

वहिनीचे होणारे व्याही पोलंडकडचे. त्या दिवसांत भारतातून आलेल्या आमच्यातल्या मुलीचं लग्न रब्बींकडे नोंदवायला गेलं की खरी यहुदी का म्हणून आजीच्या आजीपर्यंत चौकशी होत होती, आणि विहीणबाई स्वतःची वेगळी चौकशी करत होत्या.

मुलगी हिब्रूत म्हणाली, "त्या काय वाकून पलंगाखाली बघणार आहेत?"

"तू गप्प बस," वहिनी मराठीत म्हणाली. "लग्न तुझं आहे."

मी मिनिटभर विचार केला. मग यादीत लिहिलं: चौदा. पडदा, खळ काढणे. गार पाणी, साबण नाही. 'साबण नाही' लिहिताना आपण किती जपतो आहोत असं मला वाटलं होतं.

अंगणात दोन टब मांडून तिघींनी घड्या तशाच बुडवल्या. पाणी लगेच हिरवं झालं, मग निळं, मग चिखलासारखं. "बघा, किती मळ!" वहिनी म्हणाली. मीही तेच म्हटलं. तीनदा पाणी बदललं. तो रंग सरसात कालवलेली पूड होता. पाणी लागलं की सुटतो, हे घरात एकाच माणसाला माहीत होतं.

दोन इमारतींमधल्या तारेवर पडदा वाळत घातला. घरातल्या खोलीत तो कधी पुरता उलगडला नव्हता. आम्ही फक्त डावी बाजू पाहिली होती, एक वड आणि पाण्याची वाट. त्या दिवशी तो आमच्यापुढे पहिल्यांदा पुरता उघडला. जाडं, राखाडी मांजरपाट, जागोजागी शिवणी.

काका जिना चढायच्या आधी तारेपाशी थांबले. डोळ्यांत औषध होतं, म्हणून जवळ गेले आणि कापडावर हात फिरवला.

"कुणाची चादर ही?"

 मग मी सांगितलं.

"धुतला?" ते म्हणाले. "पावसात गाडी सापडली तर बाप स्वतःची पासोडी ह्याच्यावर घालायचा. स्वतः भिजायचा. आणि तुम्ही टबात घातलात?"

"काका, खळ गव्हाची होती."

"मग मला विचारायचं! मी काय मेलो होतो?"

सेदरला विहीणबाई आल्या. त्यांनी पलंगाखाली पाहिलं नाही. त्यांनी ताटातला भात पाहिला. पेसाहला भात आमच्याकडे चालतो, त्यांच्याकडे नाही. त्यांनी ताट दोन बोटं पुढे सरकवलं. लग्न झालं, ते मुलीच्या हट्टामुळे.

सणानंतर मी शेजारच्या रब्बींना विचारलं. ते हसले. कुत्रं तोंड लावणार नाही ते खमीर धरत नाहीत, म्हणाले. आणि शंका होतीच तर कागदावर सही करून आठ दिवसांसाठी परक्याला, यहुदी नसलेल्याला, विकून टाकायचं. एक सही.

नाटक निळ्या चादरीपुढे झालं. पडदा नाही, म्हणून कागदावर नाव नाही. काका बघायला गेले नाहीत. मी वही घेऊन बसले: पडद्यावर काय होतं तेवढं सांगा, लिहून ठेवते, नाव घालून मंडळाच्या अंकात देऊ. डावी बाजू मी लिहून काढली होती, उजवी त्यांनी सांगायची.

"तुम्ही धुतलात, तुम्हीच आठवा," ते म्हणाले. पुन्हा विचारलं की भिंतीकडे तोंड करून झोपत. चौसष्टच्या हिवाळ्यात ते वारले.

उजवी बाजू पाहिलेला आता एकच माणूस आहे, एलातच्या बंदरावर काम करणारा आमचा चुलतभाऊ. मुंबईत लहानपणी त्याच्यासमोर पडदा गच्चीवर पसरला होता. पत्राला त्याचं उत्तर येत नाही. बसने जाऊन समोर बसवूनच विचारावं लागेल. यादीत हे काम सगळ्यात वर लिहिलं आहे. अजून गेलेले नाही.