जबड्यात जबडा

"वास येत असेल तर पाहुण्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा, पण बोंबलांच्या दोऱ्या निघणार नाहीत," असं विनया एकदा चौक समितीच्या भर बैठकीत म्हणाली होती.

माणिकपूरच्या एका आर्किटेक्टकडे ती नकाशे काढायची. राजोडीच्या किनाऱ्यावर पवनचक्की उभी राहिली, आणि तिच्याभोवती गावासाठी चौक आखायचं काम विनयाकडे आलं. जागा बघायला ती गेली भर श्रावणात. होड्या वर ओढलेल्या, मैदान ओकंबोकं. तिने कागदावर लिहिलं, मोकळी जागा. तिथे फुलझाडं काढली.

तो कागद बघून व्हेरोनिका, मासळी सुकवणाऱ्या बायांची म्होरकी, पोट धरून हसली. "पावसात आलीस तं मोकळीच दिसनार गो बाय! आमचे बोंबील काय पान्यात सुकवायचे?"

विनयाने तिच्यासमोरच फुलझाडं खोडली. "जागा तुमचीच राहील," म्हणाली. शब्द दिला खरा. पण बोंबील सुकवतात कसे, हेच तिला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर ती बायांमध्ये जाऊन बसली. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. तिच्या जोड्या सुटून वाळूत पडायच्या. बाया खिदळायच्या. त्यानंतर तिने पुन्हा चौक काढला. पवनचक्कीभोवती दगडी खांब, दोऱ्या बांधायला खांबांना कड्या, मध्ये बसायला कट्टे.

उद्घाटनाच्या सकाळी चौक समितीचे अध्यक्ष आत्माराम बायांना आडवे आले. "आजच्या दिवस दोऱ्या रिकाम्या ठेवा. पाहुण्यांनी काय नाक धरून बसायचं?"

"आज रिकाम्या, उद्या कुंपन," व्हेरोनिका म्हणाली. भरल्या पाट्या घेऊन बाया कडेलाच थांबल्या. सगळ्यांचे डोळे विनयाकडे.

तिने पाटीत हात घातला. थंड, निसरडे बोंबील. जबड्यात जबडा अडकवला, जोडी दोरीवर टाकली. वारा आला. वर पाती घरघरली. जोडी हेलकावली. पडली नाही.

"र्‍हायली गो!" व्हेरोनिका ओरडली, आणि बाया चौकात घुसल्या. बघता बघता दोऱ्या भरल्या. आत्मारामांनी खुर्च्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला हलवल्या.

"दोऱ्या ठेवा, हे मी पहिल्यापासून सांगत होतो," ते माईकवर म्हणाले. बायांच्या हशात पुढचं बुडालं. "आता मॅडम दोन शब्द बोलतील."

विनया उठली. हाताला बोंबलाचा वास होता; तो तिने पुसला नाही. दिलेला शब्द दोरीवर टांगला होता; आणखी दोन कशाला? भरल्या दोरीखालून वाकून ती चौकाबाहेर निघून गेली.